चार तारांचा राग

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. त्यांच्याइतका संतापी माणूस निजामाची राजवट गेल्यापासून हैदराबादेत झाला नाही, आणि तो सगळा संताप दोन तारांपायी होता. त्याही नसलेल्या. आतोबा दिवसा आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवत, आणि लग्नसराईत, गणपतीत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. गिटारला तारा सहा, बेसला चार. इतकी साधी गोष्ट. पण स्टेजवर चढताना कुणी ना कुणी हटकून विचारीच, "क्या साब, दो तारां टूट गए क्या?" की आतोबांच्या कानाच्या पाळ्या लाल. "चारमिनारला मिनार किती?" ते गरजत. "चार! उरलेले दोन कुठं पडले म्हणून विचारतो का कुणी तिथं जाऊन? तंबोऱ्याला चार, व्हायोलिनला चार. त्यांना सगळं माफ. माझ्याच वाद्याची मेली मोजदाद!"

आणि मग समोरच्याची सुटका नसे. गिटारच्या पातळ दोन तारा टाकून द्या, उरलेल्या चार अख्खं सप्तक खाली उतरवा. म्हणून त्या इतक्या जाड, म्हणूनच मान गिटारपेक्षा वीतभर जास्त लांब. "बाकीचे जे काही वाजवतात ना, ते माझ्या खांद्यावर उभे राहून वाजवतात," हे शेवटचं वाक्य. माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आली होती, तेव्हा मुलाचे वडील सहज म्हणाले, "आपण गिटार वाजवता म्हणे." आतोबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पुढचा अर्धा तास मुलीला कुणी एक प्रश्न विचारला नाही. लग्न मात्र जमलं. ज्या घरात दोन तारांसाठी माणूस इतका पोटतिडकीने बोलतो, तिथली मुलगी खोटं बोलणार नाही, असं व्याही नंतर सांगत.

बेसच्या तारा तेव्हा आबिड्सला मिळतच नसत. दुकानदार गिटारच्या सहा तारांचं पाकीट पुढे करी, "इसमें से चार लगा लेव साब, दो घर में रख लेव." हे ऐकलं की आतोबा चिक्कडपल्लीपर्यंत पायी घरी येत, कारण रागात त्यांना बसमध्ये बसवत नसे. घरी येऊन जुन्याच तारा काढायच्या आणि पातेल्यात उकळायच्या. मळ सुटला की आवाज पुन्हा खणखणीत होतो. आत्या विचारी, "शिजल्या का हो तुमच्या शेवया?" त्यावर दोन दिवस अबोला.

मग बाजार खुला झाला. काचेच्या कपाटांतून परदेशी चॉकलेटं दिसू लागली, घरोघरी केबल आली, आणि त्याच दुकानात एक दिवस बेसच्या चार तारांचं परदेशी पाकीट टांगलेलं दिसलं. आतोबांनी ते आणून आधी देवापुढे ठेवलं. त्याच आठवड्यात ऑर्केस्ट्राच्या मालकाने परदेशी कीबोर्ड आणला.

"बुरा नक्को मानो साब," मालक म्हणाला. "इसमें ढोलक बी है, बेस बी है. एकीच आदमी सब बजा लेता."

आतोबांनी त्या यंत्राकडे वाकून पाहिलं. "इसको तारां कितने?"

"एक बी नहीं साब."

त्या दिवशी घरी येऊन ते जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "माझ्या चार तारा लोकांना कमी पडल्या रे! याला एकही नाही, तर टाळ्या वाजवतायत!" सांगतो, माझंही डोकं फिरलं होतं. सतरा वर्षं ज्याच्या खांद्यावर उभे राहिलात, त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावता?

नवं पाकीट न फोडताच आतोबांनी बेस जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर टाकला. पण याहून वाईट म्हणजे त्यांचा राग गेला. कुणी विचारलं, "गिटार वाजवत होता ना तुम्ही?" तर म्हणत, "हो." नुसतं हो. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, यांना डॉक्टरला दाखवू या का?"

असं वर्ष गेलं असेल. माडीवर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहायला आली; कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. एका रविवारी ती काळी लांब पिशवी आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जिना चढत होती. मी तिथेच होतो. आतोबांनी पिशवीचा आकार ओळखला. "बेस?" त्यांनी विचारलं. मुलगी खूश होऊन उलटी उतरली आणि आतोबांच्या सतरंजीवर बसून तिने तो बाहेर काढला.

आतोबांनी तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"पाच?" ते ओरडले. "पाच? कुणाला विचारून?"

स्वयंपाकघरात आत्याने हात जोडले. बऱ्याच महिन्यांनी घरात तो आवाज उठला होता.

"काका, ही जास्तीची तार सगळ्यात खालची," मुलगी म्हणाली. "वाजवून तरी बघा."

"वाजवायचं काय त्यात! चूक ती चूकच!" असं म्हणत म्हणत त्यांनी बेस मांडीवर घेतला. मुलीने वायर जोडली. आतोबांनी ती पाचवी तार छेडली, आणि स्वयंपाकघराच्या फळीवरचे स्टीलचे डबे गुणगुणायला लागले. आतोबांनी ती पुन्हा छेडली. मग एकदम भडकून म्हणाले, "हा खालचा मजला इतकी वर्षं होता, आणि मला कुणी कळवलं नाही?"

आत्या कणकेच्या हाताने बाहेर आली. "हे तुम्ही वाजवताय?"

घरात अ‍ॅम्प्लिफायर कधी नव्हताच, तो ऑर्केस्ट्राचा. आतोबा घरी सराव करत तो नुसत्या तारांवर, शेजारच्या खोलीतही ऐकू न जाणारा.

"एक सांगू?" आत्या म्हणाली. "कार्यक्रमात इतकं सगळं वाजायचं, त्यातलं तुमचं कुठलं, ते मला कधी कळलंच नाही. विचारायची लाज वाटायची. म्हणून मी सगळ्याच गाण्यांना टाळ्या वाजवायची."

आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मी दाराकडे सरकलो. पण आतोबांनी बेस मांडीवर सावरला. पाय आवरून त्यांनी सतरंजीवर जागा केली.

"बैस," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाजवतो."