रिकाम्या कडेला सोडलेली जागा

बार्शीटाकळीच्या शाळेत मी शिकवायचे तेव्हा अकोल्याहून सकाळच्या एसटीने जात असे. दाराजवळची पुढची सीट मला बहुधा मिळायची, कारण ती कुणाला नको असायची. समोरून येणारा ट्रक थेट अंगावर आल्यासारखा वाटतो तिथे. मला मात्र त्या काचेतून रस्ता बघायला आवडायचं.

ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचा, अबोल माणूस होता. त्याची एक गोष्ट मी पहिल्या आठवड्यातच हेरली होती. सायकलवाला दिसला की तो लांबूनच वेग कमी करायचा. समोरून काही येत असलं तर सायकलच्या मागे मुकाट चालायचा. मागच्यांनी हॉर्न मारून कान किटवले तरी ढिम्म. रस्ता मोकळा झाला की पार उजव्या अंगाला जाऊन पुढे व्हायचा आणि सायकल बरीच मागे पडल्याशिवाय डावीकडे यायचा नाही. आमच्याकडच्या रस्त्यांवर ही नवलाईच. डांबराची कड वीतभर उंच, खाली काळी माती. गाडीला घाबरून सायकल एकदा त्या कडेवरून उतरली की चाक अडकतं आणि माणूस पडतो, तो गाडीच्याच बाजूला.

एका हिवाळ्यात माझ्या ध्यानात आलं की बस रोज एका ठरावीक जागी तसंच करते आहे आणि समोर कुणीच नाही.

एक लहान पूल ओलांडला की दोन बाभळी लागायच्या. त्यांच्यापुढे रस्ता सरळ. तिथे बसचा वेग उतरायचा, गिअर बदलल्याचा आवाज यायचा, बस सावकाश उजवीकडे सरकायची, थोडा वेळ तशीच जायची आणि मग परत डावीकडे यायची. आधी वाटलं, खड्डा असेल. मी नीट पाहिलं. खड्डा नव्हता. गुळगुळीत रस्ता, कडेला दवाने ओलं गवत, त्याच्या पलीकडे तूर.

चार-आठ दिवस पाहून मी विचारलं, "भाऊ, इथे गाडी रोज उजवीकडे का घेता?"

"कुठी?"

"आत्ता घेतली ना, बाभळींपाशी."

"नाई बा. सरळच तर आनली." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बस उजवीकडे सरकायला लागली तशी मी हळूच म्हटलं, "हे बघा, आत्ता."

त्याने खाली पाहिलं, स्वतःच्या हातांकडे. ते स्टिअरिंग फिरवत होते. दुसऱ्याच कुणाचे हात पाहावेत तसा तो पाहत राहिला. बस आपली मोकळ्या रस्त्याला वळसा घालून परत डावीकडे आली.

कंडक्टरबाई तिकिटं फाडून पुढे येऊन बसली होती. तीच म्हणाली, "तो सायकलवाला बाबा नव्हता का इथं? पांढरा सदरा, डोक्याले गुलाबी दुपट्टा, कॅरिअरले डबा. वावरात जाये रोज. मी या गाडीवर आली तवापासून पायत होती त्याले."

रोज दिसणाऱ्या सायकलवाल्यांतला हा मला वेगळा असा आठवेना.

"दिवाळीपासून दिसला नाई," ती म्हणाली आणि आवाज उतरवून पुढे म्हणाली, "गेला असंन बिचारा."

त्यानंतरच्या सकाळी धुकं होतं. पूल आला तशी ड्रायव्हरने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याने मनाशी ठरवलं होतं, हे मला दिसत होतं. बाभळी आल्या. बस सरळ गेली. आणि त्याच क्षणी माझे पाय आपोआप खालच्या पत्र्यावर रोवले गेले. मागे कुणी तरी "अरे, अरे!" म्हणून ओरडलं. एका बाईने समोरचा दांडा पकडला. करकचून ब्रेक लागला.

ड्रायव्हर खाली उतरला. मी दारात उभी राहून पाहत होते. तो मागच्या चाकापर्यंत गेला, वाकला, बसखाली पाहिलं. मग कडेच्या गवतात पाहिलं. गवतावरचं दव जसंच्या तसं होतं, त्यावर कुणाचा पाय पडला नव्हता. तो परत येऊन बसला आणि त्याने गाडी सुरू केली. एवढी भरलेली गाडी, पण बस का थांबवली म्हणून एकानेही विचारलं नाही. मला त्या न विचारण्याचीच जास्त भीती वाटली.

पुढच्या दिवसापासून बस पुन्हा उजवीकडे जाऊ लागली.

मला राहवेना. एका शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर परतताना मी बाभळींच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले. रस्त्यापासून थोडं आत, तुरीच्या पलीकडे एक घर होतं. अंगणात एक बाई ज्वारी पाखडत होती. मी सायकलवाल्या बाबांचं विचारलं. घरात कुणी गेलं असेल तर काय बोलायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"बाबा ना? आहे न," ती म्हणाली. "बाबा, कोनी मॅडम आल्या पाहा."

ओसरीवरच्या बाजेवर तो बसला होता. सायकल भिंतीला टेकलेली, तिच्यावर पोतं टाकलेलं. ज्वारी पाखडणारी त्याची सून होती. मी कोण, कुठल्या बसने जाते, ते सांगितलं. बसचं नाव निघताच तो ताठ बसला.

"त्या गाडीचं मले कदी भेव वाटलं नाई," तो म्हणाला. "मांगून आली का समजे. आवाज बारीक व्हये, मंग लांबून जाये. बाकीचे कसे, अंगाले वारा मारून जाते. ट्रक गेला का आपन आतमंदी ओढल्या जातो, अन् हँडल हाती राह्यत नाई."

"मग सायकल का सोडली?"

"एक कार आली. समोरून ट्रॅक्टर येऊन राह्यला होता, तरी मंधातून घुसली. आरशानं कोपराले चाटून गेली. पडलो नाई मी. पन उतरलो, सायकल हाती धरून घरी आलो, अन् मंग पाय उचललाच नाई."

त्याने कोपर चोळलं. मग त्याने मलाच विचारलं, "मॅडम, तुमची गाडी कोनाले सोडून जाते तठी?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"मी रोज आयकतो. पूल आला का आवाज बारीक होते. मंग लांबून जाते. मी तर अठी बाजेवर. सुनेले पाठवलं पाह्यले. थे म्हने, कोनी नाई." तो हसत नव्हता. "मले वाटलं, मी मेलो असंन अन् घरच्याइनं मले सांगतलं नसंन."

"काईबी काय बोलता बाबा," सून सूप खाली ठेवत म्हणाली. पण तीही हसली नाही.

सोमवारी मी ड्रायव्हरला सांगितलं, बाबा जिवंत आहेत. त्याने मान हलवली. पटलं की नाही ते कळेना. शाळेजवळ मी उतरताना तो म्हणाला, "मले नेता का तठी?"

त्याच्या सुटीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ओसरीसमोर तो उभा राहिला आणि बाबांच्या तोंडाकडे नुसता पाहत राहिला. ओळखीची एक खूण त्याच्या चेहऱ्यावर उमटेना. इतक्या वर्षांत त्याने हा चेहरा पाहिलाच नव्हता. आणि बाबांनी त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता, फक्त इंजिनाचा.

"काका," ड्रायव्हर चाचरत म्हणाला, "राग मानू नका. जरा पाठ करून बसता का?"

बाबा काही न विचारता बाजेवर वळून बसले, भिंतीकडे तोंड करून. पांढरा सदरा, वाकलेला मणका, मानेवर दुपट्ट्याचं टोक. ड्रायव्हर बराच वेळ त्या पाठीकडे पाहत होता. मग त्याने डोळे पुसले.

"हाव," तो म्हणाला. "तुमीच."

त्या दिवसानंतर बस सरळ जाऊ लागली. मी मुद्दाम लक्ष ठेवलं. पूल, बाभळी, सरळ रस्ता. ड्रायव्हर आता वाटेत कधी एखादा शब्दही बोलायचा. मला वाटलं, मिटलं.

संक्रांतीनंतर बाबांची सून फाट्यावर बसला हात करून उभी दिसली. ती चढली नाही, दारातूनच मला म्हणाली, "बाबानं बोलावलं तुमाले. सकाळच्या पारी या म्हने."

सुटीच्या दिवशी मी सकाळची गाडी पकडून गेले. थंडी होती, तुरीवर धुकं होतं. बाबा म्हणाले, "गाडी सरळ जाते आता, मले समजते. पन बाकीचे आयका."

मी गोठ्याच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिले. तिथून रस्त्याचा तुकडा दिसत होता, पूल आणि दोन्ही बाभळी. बराच वेळ काही आलं नाही. मग पुलावर एक ट्रक आला. ताडपत्री बांधलेला, परराज्याच्या नंबरचा; या रस्त्याला कधी आला असेल असं वाटत नव्हतं. बाभळींपाशी त्याचा आवाज बारीक झाला. गिअर बदलला. उजवीकडचा दिवा लुकलुकला. आणि तो एवढा मोठा ट्रक सावकाश रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला गेला, हातभर नाही, चांगलं माणूस आडवं झोपेल एवढं अंतर सोडून, आणि पुष्कळ पुढे जाऊन मग डावीकडे आला.

कडेला कुणी नव्हतं. मी डोळे फाडून पाहत होते.

मी ओसरीवर परतले. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कोन होतं?" त्यांनी विचारलं.

"ट्रक होता, बाबा."

"ट्रक नाई. ज्याले सोडून गेला, थो?"

मी मान हलवली. कुणी नाही म्हणावं तर खरं, आणि तरी ते तोंडून निघेना.

बाबा बाजेवर मागे टेकले. त्यांना भीती वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा निवला होता. "जाऊ दे," ते म्हणाले. "असंन कोनी. जागा तर देऊन राह्यले न त्याले."

सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यायलो. रस्त्यावरून मधूनमधून गाड्या जात होत्या आणि त्या कशा जातात ते आम्ही तिघंही ऐकत होतो. मग मी उठले. फाट्यावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहताना मी डांबराच्या कडेला थांबले नाही. बरीच आत, ओल्या गवतात जाऊन उभी राहिले.