बियाण्याच्या वालांचं बिरडं

दिरांचा फोन बुधवारी आला. "रविवारी रातच्याला जेवाया येतो, वयनी. जरा बोलायचं हाय." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, या की, तुमचंच घर आहे. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

मी संशयी आहे. आज हे कबूल करते, तेव्हा करत नव्हते. तेव्हा मी त्याला सावधपणा म्हणायचे. दूधवाला वेळेआधी आला तर आज पाणी जास्त असणार, शेजारीण गोड बोलली तर मिक्सर मागणार, असं माझं चालायचं. वाईट इतकंच की पुष्कळदा ते खरंही निघायचं, त्यामुळे सवय मोडायचं काही कारणच पडलं नाही.

आमचं घर कर्जतला दहिवलीत आणि शेत कोंडाण्याच्या रस्त्याला. शेत दोघा भावांच्या नावावर आहे. दीर खोपोलीत शिळफाट्याला राहतात, कंपनीत नोकरीला होते, त्यामुळे शेत माझा नवराच बघत आला. गेल्या काही वर्षांत आमच्या आजूबाजूचे तुकडे एकेक करून विकले गेले. बांधाला लागून आता कुणा मुंबईकराची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे पोहायचा तलाव. आठवड्याला एखादी पांढरी गाडी थांबते, आतला माणूस काच खाली करून विचारतो, "काका, सातबारा क्लिअर आहे का?" दोघांपैकी एक भाऊ जरी डळमळला तरी शेत गेलंच म्हणून समजा. डळमळणारा कोण, हे मी मनाशी कधीच ठरवून ठेवलं होतं.

तशात पुरावे जमायला लागले. भात कापून, झोडून, घरात येऊन पंधरा दिवस झाले होते. आमच्याकडे भाताच्या मागोमाग त्याच जमिनीत वाल पेरतात. जमिनीच्या अंगची ओल असते, तिच्यावरच ते येतात. ओल उडाली की संपलं. आणि माझा नवरा रोज म्हणत होता, "बगू, गुडगा दुकतोय." गुडघा दरवर्षी दुखतो, पण पेरणी थांबत नाही. शिवाय फोन आला की तो अंगणात जाऊन बोलायचा. मी जवळ यायला लागले की "बरं बरं, ठेवतो." कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला अजून काय हवं? दोघं मिळून शेत विकतायत आणि रविवारी मला ते जेवताना सांगणार, ही माझी खात्री झाली.

"कोंबडी आणू काय रविवारला?" नवऱ्याने विचारलं.

"काय नको. घरात हाय त्यात भागवीन."

शेत विकायला निघालेल्या माणसासाठी मी बाजारातून कोथिंबिरीची काडीसुद्धा आणणार नव्हते.

थंडी तशी चांगलीच पडली होती. घाटावरून वारा उतरायला लागला की आमच्याकडे संध्याकाळी सहालाच दारं लागतात. अशा दिवसांत फडताळातल्या जिनसांवर उत्तम जेवण होतं, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. मी फडताळ उघडलं. कुळीथ होते, त्यांचं लसणीची फोडणी दिलेलं गरम कढण झालं असतं. पावसाआधी भरलेली सुकट होती. सुकं खोबरं, आमसुलं, लाल मिरच्या, गूळ, नव्या तांदळाचं पीठ. राहिले वाल. वालाच्या बिरड्याशिवाय थंडीतलं जेवण आमच्या घरात जेवण धरत नाहीत. वालांचा डबा काढला तर तळाला जेमतेम मूठभर. या दिवसांत असंच असतं, जुने वाल सरतात आणि नवे यायला शिमगा उजाडतो.

मग माझी नजर माळ्यावरच्या मडक्याकडे गेली. त्यात बियाण्याचे वाल होते, राखेत घोळवून ठेवलेले. हे वाल सासूबाईंच्या सासूपासूनचे. दाणा बारका, तांबूस, कडवट आणि शिजला की लोण्यासारखा. दरवर्षी पिकातून चांगले दाणे निवडून बाजूला काढायचे आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचे. घरात उपास पडला तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम होता, आणि त्या गेल्यावर तो मी पाळत आले होते.

मी मडकं खाली उतरवलं. शेतच राहणार नसेल तर बियाणं कशाला? ज्याला जमीन विकायची आहे त्याने ते खाऊनच जावं. गुरुवारी रात्री मी मडकं पातेल्यात रिकामं केलं. सगळं. तिघाचौघांच्या जेवणाला एवढे वाल लागत नाहीत हे मला कळत होतं. धुताना राखेचं पाणी करडं होऊन निघत राहिलं. शुक्रवारी फडक्यात बांधले, शनिवारी संध्याकाळी मोड आले. एकूण एक दाण्याला. रविवारी दुपारी सालं सुटावीत म्हणून त्यावर कडकडीत पाणी ओतलं. हात थबकला का? नाही. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला.

दीर सातच्या सुमारास मोटारसायकलवरून आले, कानाला मफलर गुंडाळून. जाऊबाई आल्या नव्हत्या. म्हणजे भांडण होणार हे धरूनच एकटे आले, असं मी म्हटलं मनात. हातात प्लास्टिकची पिशवी होती, तीत कागद असणार. निघाली खारी. मग वाटलं, आधी तोंड गोड करायचं आणि मग सही मागायची. खारी गोड नसते, पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही.

मी पानं वाढली. वाटीत वाफाळतं कढण, भाकरी, सुकटीची चटणी, आणि आमसूल-गुळाच्या रसात डाळिंब्या, म्हणजे मोडाचे सोललेले वाल, जशाच्या तशा राहिलेलं बिरडं. दिरांनी दोन घास खाल्ले आणि डोळे मिटले.

"आईची आठवण झाली, वयनी. गणंग एक नाय लागला."

गणंग म्हणजे न शिजणारा कडक दाणा. साध्या डब्यातल्या वालांत चार तरी निघतातच. नवऱ्याचा घास हळू झाला. त्याने बोटाने एक डाळिंबी बाजूला केली, पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बोला भावजी," मी म्हटलं. "काय बोलायचं होतं?"

"कंपनीनं घरी बसवलं मला. दिवाळीच्या आधीच." ते पानाकडे बघत म्हणाले. "घरात बसून डोकं फिरतं. दादाचा गुडगा असा. म्हटलं, यंदाचे वाल मी पेरतो. रोज येत जाईन. जमीन हाय, बियाणं हाय, आमाला काम नाय. तुमची हरकत नसली म्हंजे."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "आणि पुढल्या वर्साला प्लॉट पाडायचे?"

दीर लाल झाले. नवऱ्याने भाकरी ताटात ठेवली.

"महिना झाला त्यानं मला सांगून," तो म्हणाला. "त्याच्याचसाठी पेरणी थांबवली मी. तुला नाय सांगितलं. तू म्हंशील यात कायतरी काळंबेरं हाय. म्हटलं, त्यानंच तुज्या समोर येऊन बोलावं. तुला सांगायची भीती वाटते गं."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"भावजी, बियाणं नाय," मी म्हटलं. "तुमी खाताय तेच बियाणं."

दिरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माळ्याकडे. उठून जातील असं मला वाटलं, आणि गेले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठले नाहीत. त्यांनी वाटी पुसून खाल्ली, एक दाणा टाकला नाही. नवऱ्यानेही. मी मात्र माझी वाटी बाजूला सारली. लाज म्हणजे काय ते मला त्या जेवणात कळलं.

दुसऱ्या दिवशी दीर कर्जतच्या बाजारातून बियाणं घेऊन आले. टपोरे, पांढरट वाल, पुडीवर छान चित्र. दोघा भावांनी ते पेरले. ओल थोडी उडाली होती, तरी आले. दीर रोज यायचे, चहा प्यायचे, माझ्याशी नेहमीसारखं बोलायचे. शिमग्याला शेंगा वाळल्या. बिरडं केलं तर सगळ्यांनी चांगलं झालंय म्हटलं. झालंही होतं चांगलं. पण कडवटपणा नव्हता आणि डाळिंब्या फुटत होत्या. ही चव आता यापुढे अशीच राहणार, हे कुणी बोललं नाही.

मळणीनंतर दोघं भाऊ अंगणात बसून पुढच्या वर्षासाठी दाणे निवडत होते. मी चुलीतली राख चाळून सूप भरून बाहेर नेली. नवऱ्याने राख घेतली, वाल घोळवले, आणि ते दिरांच्या पिशवीत भरले. दीर पिशवी मोटारसायकलला अडकवून शिळफाट्याला घेऊन गेले.

तेव्हापासून बियाणं तिकडेच असतं. मला कुणी कारण सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.