नाकवालीचा रंग

आदिलाबादच्या बाजारात बैलजोडी आणायला गेलेला माणूस बस घेऊन परत आला, ही गोष्ट सावरगावात अजूनही हसत हसत सांगतात. तो माणूस म्हणजे पांडुरंगराव. तेव्हा ऐन तारुण्यात होते, घरची शेती नुकतीच अंगावर पडली होती. बस तरी कसली? इंजिन काढून घेतलेलं, टायर बसलेले, काचा अर्ध्या गेलेल्या. भंगारवाल्याकडे ती तोडायला निघाली होती, यांनी ती भाड्याच्या ट्रॅक्टरला साखळीने बांधून गावात आणली. वडिलांनी कपाळावर हात मारला. गाव गोळा झालं. पांडुरंगराव मात्र घामाने निथळत बायकोला म्हणाले, "वच्छला, ओळखली का? आपली नाकवाली हाय! जशीच्या तशी हाय पाय!"

वच्छलाबाईंनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या फुललेल्या तोंडाकडे पाहिलं. "हो, हाय," एवढंच म्हणून त्या पाणी आणायला आत गेल्या.

या बसचं इंजिन पुढे लांब नाकासारखं निघालेलं, म्हणून ती नाकवाली. आदिलाबादच्या एका शेठची ती खाजगी गाडी. भीमपूरच्या पुढे पैनगंगेच्या काठाकडे येणारी ती पहिलीच मोटार. संध्याकाळी धुरळा उडवत यायची, रात्री मारुतीच्या पाराजवळ मुक्काम करायची आणि उजाडता उजाडता परत जायची. हमीदसाब तिचे ड्रायव्हर. पांडुरंग तेव्हा शाळकरी पोर. शाळा सुटली की नदीच्या रस्त्याकडे कान लावून बसायचा. गाडी नाला चढायला लागली की गिअर बदलल्याचा आवाज यायचा, आणि हा पळत सुटायचा. रेडिएटरला पाणी आणायचं, समोरची काच पुसायची, आणि त्या बदल्यात भोंगा एकदा दाबायचा, असा दोघांचा करार. हमीदसाब त्याला शेजारी बसवून सांगायचे, "पांडू, गाडी पैर से नहीं, कान से चलती है." पोराने ते मनात धरून ठेवलं. आपण मोठं होऊन ड्रायव्हरच व्हायचं, दुसरं काही नाही.

वयात आल्यावर तो ड्रायव्हरच्या भरतीला आदिलाबादला गेलाही. तिथे डॉक्टरने ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक समोर धरलं आणि आकडा वाच म्हणाला. पुढची पोरं भराभर आकडे सांगून गेली होती. पांडुरंगाला आकडा दिसेना. नुसते ठिपके. डॉक्टरने दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, मग पुस्तक मिटलं. "लाल-हिरवा नहीं समझता तुमको," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. आपल्याला जग इतरांपेक्षा वेगळं दिसतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येऊन मात्र सांगितलं, जागाच भरल्या होत्या. तेच बापाला, तेच हमीदसाबांना, आणि पुढे लग्न झाल्यावर तेच बायकोला.

काही वर्षांनी सरकारी बस सुरू झाली आणि नाकवाली बंद पडली. हमीदसाब मुलाकडे निजामाबादला गेले ते गेलेच. बस कुठल्याशा जिनिंगवाल्याने मजूर ने-आण करायला नेली आणि तिथून ती भंगारात आली. पुढचं गावाला पाठच आहे.

शेताच्या बांधावर, चिंचेखाली, ती बस तेव्हापासून उभी. मागच्या बाकांवर कधी कापूस रचला, कधी ज्वारीची पोती ठेवली. वच्छलाबाईंच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र कुणी काही ठेवायचं नाही. दुपारची भाकर झाली की पांडुरंगराव तिथे जाऊन बसायचे. हात चाकावर, नजर समोर. काचेपलीकडे कपाशीच्या ओळी. पिकं बदलली, मुलगी लग्न होऊन बोथला गेली, केस पांढरे झाले, तरी हा नेम मोडला नाही. काय पाहतात, कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी जावयाने बसचा फोटो काढून मोबाईलवर टाकला. तो कुठून कुठे फिरला कोण जाणे, एका रविवारी नागपूरहून मोटार आली. मयूरी नावाची बँकेत नोकरी करणारी बाई आणि रविकांत, गॅरेजवाला. जुन्या बसगाड्यांचं वेड असलेल्या लोकांचा त्यांचा गट होता. सुट्टी मिळाली की गावोगावच्या गोठ्यांत, परसांत विसरलेल्या गाड्या शोधत फिरायचे.

मयूरीने बस पाहिली आणि ती चालता चालता थांबली. मग हळूच जवळ येऊन तिने खिडकीखालच्या लाकडी पट्टीवरून हात फिरवला, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. रविकांत तर अंगावरच्या पांढऱ्या शर्टासकट बसखाली सरपटत शिरला आणि आतूनच ओरडला, "मयूरी, चासी शाबूत आहे! मूळची आहे!"

"काका, अशी बॉडी बांधणारे कारागीर आता राहिले नाहीत," मयूरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "तुम्ही ही सांभाळली नसती तर..."

या बसकडे आपल्यासारखं पाहणारं माणूस पांडुरंगरावांना सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

ही आम्ही नागपूरला नेऊन दुरुस्त करतो, चालती करतो, पुढे आमच्या गटाकडेच सांभाळतो, चालेल का, असं मयूरीने विचारलं तेव्हा मात्र ते नाही म्हणाले. ती दोघं चहा घेऊन निमूट गेली. पण त्या पावसाळ्यात बसचं मागचं छत खाली आलं आणि लाकडाला वाळवी लागली. एका दुपारी पांडुरंगरावांनी चाक धरलं तर ते सांध्यातून निखळून हातात आलं. ते चाक मांडीवर घेऊन बराच वेळ बसले, आणि उठून स्वतःच मयूरीला फोन लावला.

न्यायला आले त्या दिवशी रविकांतने पत्र्याचा एक कोपरा खरवडला. आत वेगवेगळे थर निघाले. मयूरी वाकून बघायला लागली.

"वर लाल आहे, त्याच्या खाली हिरवा," ती म्हणाली. "काका, तुमच्या गावाला यायची तेव्हा रंग कोणता होता? आम्हाला तोच द्यायचा आहे. हे सांगू शकेल असं आता तुमच्याशिवाय कोणी नाही."

पांडुरंगराव खरवडलेल्या जागेकडे पाहू लागले. त्यांना एकच रंग दिसत होता, ओल्या मातीसारखा. वर तोच, खाली तोच. या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा कोणत्या खड्ड्यात कसा कुरकुरतो ते त्यांनी झोपेत सांगितलं असतं. आणि नेमकं हेच विचारलं होतं.

"हिरवी होती," मागून आवाज आला.

वच्छलाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. "तुरीची शेंग कोवळी असते ना बाई, तसा हिरवा. खिडकीखाली पिवळा पट्टा. बोथहून मी नवरी होऊन आली तवा हिच्यातच आली. हा तांबडा रंग मागून त्या जिनवाल्यानं फासला, पट्टा तेवढा सोडला."

मयूरी आणि रविकांत खुश होऊन मोबाईलमध्ये रंगांचे नमुने काढायला लागले. पांडुरंगराव बायकोला घेऊन चिंचेच्या पलीकडे गेले.

"तुले मालूम होतं?"

"काय?"

"माह्या डोळ्याचं."

वच्छलाबाईंनी पदराने हात पुसले. "ज्या दिवशी बस आनली त्याच दिवशी समजलं. हिरवी गेली अन् तांबडी आली, अन् तुमी म्हनता जशीच्या तशी. मंग मिरच्या तोडाले तुमाले काऊन नेत नोवती मी? तुमी हिरव्या-लाल सगळ्या तोडून आनल्या असत्या."

"लोकं बोलले असतीन ना, रंग बदलला म्हनून?"

"बोलले. मी चूप बसवलं."

"अन् मले काऊन नाही सांगितलं इतके वर्स?"

"तुमी लय खुश होते," त्या म्हणाल्या. "अन् तुमी तरी मले कुठं सांगितलं, जागा भरल्या नोवत्या म्हनून?"

पांडुरंगराव मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांना हसायला आलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "चाला, चहा थंडा होऊन राह्यला."

ट्रेलरवर चढवून बस नेली. चिंचेखाली लांबट चौकोन उरला, गवत नसलेला, भुरकट. कोंबड्या चार दिवस तिथेच घुटमळल्या. पांडुरंगराव दुपारी जेवून उठायचे, सवयीने बांधाकडे निघायचे आणि अर्ध्या वाटेतून परत यायचे. मयूरी अधूनमधून फोटो पाठवायची, आज इंजिन मिळालं, आज बाकं झाली. ते फोटो बोटाने मोठे करून पाहत बसायचे. तो उन्हाळा गेला, दुसरा गेला. आपण असेपर्यंत होते की नाही, असंही मनात यायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी नाल्याच्या चढावरून आवाज आला. पांडुरंगराव अंगणात होते. हातातला तांब्या तसाच राहिला. गिअर बदलला, इंजिन क्षणभर दमलं आणि पुन्हा उचललं. धोतर सावरत ते पळाले.

नाकवाली आली. गाव धावलं, पोरांनी मोबाईल काढले. पांडुरंगरावांना ती मातकटच दिसली, पिवळा पट्टा तेवढा झळझळत होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तशीच हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता खरंच तशी हाय."

मयूरीने त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गावापासून फाट्यापर्यंतचा कच्चा रस्ता मोकळा होता आणि ट्रॅक्टर त्यांनी जन्मभर चालवला होता. रविकांत शेजारी बसला. पांडुरंगरावांनी क्लच दाबला, गाडी हलली. मागे लोक टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. आत नव्या रंगाचा, नव्या रेक्झिनचा वास. गाडी बरोबर चालली होती, तरी मनात काहीतरी रितं राहत होतं. हे लग्नाच्या वरातीसारखं झालं, त्यांना वाटलं. यात कोणाला कुठं जायचंच नाही.

फाट्यावर बाभळीखाली पलीकडच्या तांड्यावरची म्हातारी आशाबाई ऑटोची वाट पाहत बसली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बस दिसली तशी ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिने हात केला.

पांडुरंगरावांनी ब्रेक दाबला. गाडी तिच्यापाशी बरोबर थांबली.

"भीमपूरले जाते का?" आशाबाईने विचारलं.

मयूरी काही सांगायला लागली, पण पांडुरंगराव आधीच म्हणाले, "जाते. बसा, मावशी."

म्हातारी दांडी धरून चढली, पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "लय दिवसानं आली गाडी."

पांडुरंगरावांचे डोळे भरून आले. समोरचा रस्ता दिसेना, म्हणून त्यांनी चाक रविकांतच्या हाती दिलं आणि आशाबाईच्या शेजारी जाऊन बसले. भीमपूरपर्यंत ती सुनेचं, दवाखान्याचं, गुडघ्याचं बोलत राहिली आणि ते हं हं करत राहिले.

भीमपूरच्या चौकात ती उतरली. दोन पावलं जाऊन मागे वळली. गाडी चालवताना तिने त्यांनाच पाहिलं होतं, म्हणून त्यांनाच विचारलं, "उद्या याच टायमाले येते का जी?"

मयूरी हसली. पांडुरंगराव हसले नाहीत. त्यांना गावात सोडून बस आजच नागपूरला परत जाणार होती.

"पाहू," ते म्हणाले. म्हातारी गर्दीत शिरेपर्यंत ते दारातच उभे होते.