कार्टूनमधल्या पोरीचा आवाज

बारा वर्षं मी कार्टूनमधल्या एका सात वर्षांच्या खोडकर मुलीचा आवाज होते. घराघरांतली पोरं तिला बघत जेवली, पण आमच्या कुंभिवलीच्या नाक्यावरचा वडापाववालाही मला ओळखत नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

मग वाहिनीने त्याच मुलीवर खऱ्या माणसांची मालिका काढायचं ठरवलं. शूटिंग कर्जतजवळच होतं आणि मुलगी निवडली होती कशेळ्याच्या बाजूची. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी गोंधळलेच. जिला बारा वर्षं फक्त पडद्यावर पाहिली, ती समोर बसून पोहे खात होती आणि शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होती. मला उगाच राग आला. आमची पोर असं करणार नाही, असं मनात आलं. आता ही 'आमची' म्हणजे कोण, ते मला विचारू नका.

"मावशी, तुमीच तिचा आवाज काढता ना?" तिने विचारलं. "काढा की जरा!"

मी काढून दाखवला. ती टाळ्या पिटत हसली.

दिग्दर्शकाने मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. मुलीचा स्वतःचा आवाज ठेवायचा की वरून माझा चढवायचा, हे ठरत नव्हतं. त्याला तिचा आवडला होता; पण प्रेक्षक बोंब मारतील अशी वाहिनीला धास्ती. "ताई, तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणून तो मोकळा झाला.

मीही तिच्यासारखीच 'आहे-नाही'ला 'हाय-नाय' म्हणत वाढले. पहिल्या रेकॉर्डिंगला मला त्यापायी परत पाठवलं होतं, तेव्हा मी घरी येऊन रडले होते. म्हणजे मी तिचीच बाजू घ्यायला हवी होती. पण तोंडातून निघालं, "आवाज जुळत नाही." खरं बोलले की आपलं काम वाचवलं, हे माझं मलाच उमगेना.

काम मला मिळालं, आणि तिथून गोंधळ आणखी वाढला. कार्टूनमध्ये मी आधी बोलायचे, मग चित्रकार त्यावर ओठ काढायचे. इथे ओठ आधीच हलून गेलेले. मी दिवसभर त्या पोरीच्या तोंडामागे धावत होते आणि तरी अर्धा शब्द मागे राहत होते.

एका दुपारी तिचे वडील तिला डबिंग बघायला घेऊन आले. रसायनीच्या कारखान्यात कामाला होते, रजा टाकून आले होते. पडद्यावर ती हरवलेल्या शेळीला हाका मारत पळत होती, माझ्या आवाजात.

"पप्पा, माजं बोलणं कुठं गेलं?"

"अगं, तिचा आवाज असाच हाय. टीव्हीत बगतेस ना रोज?"

"पण मी बोलले होते." रडत नव्हती. चप्पल सापडत नाही म्हणून विचारावं, तसं विचारत होती. मग माझ्याकडे वळली. "मावशी, माजं कायतरी चुकलं का?"

"नाही गं."

"मग एकदा माजं लावा ना."

रेकॉर्डिस्टने माझा आवाज बंद करून तिचा लावला. ती खरोखर पळाली होती, त्यामुळे श्वास तुटत होता. शेवटच्या हाकेला आवाज मधेच चिरकला. बारा वर्षं मी माइकसमोर उभ्या उभ्या धापा टाकत आले होते. शेळी हरवल्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. माझी मला लाज वाटली.

"ही मी!" ती वडिलांना म्हणाली. त्यांना परतीची जीप गाठायची होती. जाताना त्यांनी मला हात जोडले.

दार लागल्यावर रेकॉर्डिस्टने तिचा आवाज बंद करून पुन्हा माझा लावला. मग त्याने विचारलं, "ताई, पुढचा सीन घ्यायचा?"

मी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "घ्या."