टाक्यापाशी आईनं काय विचारलं

हे मी भावालासुद्धा सांगितलेलं नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं — म्हणूनच मराठीत लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे माल्टाला आली होती. तिथं मी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. आमचं गाव हट्टा सोडून ती फार तर नांदेडपर्यंत गेलेली. एवढा विमानप्रवास तिनं एकटीनं कसा केला, हे मी नीट विचारलंसुद्धा नाही. मी काय केलं? शनिवार-रविवारची एक पायी सहल ठरवली — तटबंदीच्या आतलं जुनं गाव, सोबत गाईड. दहाबारा जण होते, त्यात माझ्या हॉटेलातल्या दोन मुली. त्या नसत्या तर — नको. ती पळवाट झाली.

आई खुशीत होती. पिवळ्या दगडांची घरं बघून म्हणाली, अख्ख्या गावालाच हळद लागली की काय. गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरच्या घरातून तव्यावरची भाकरी मागून घ्यावी. त्या मुली विचारायच्या, काय म्हणतेय आई? मी म्हणायचे, काही नाही. मला हे नवीन नव्हतं. हिंगोलीला शाळेत असतानाही पालकसभेला मी सांगायचे, तू नको, बाबांना येऊ दे.

एका घराच्या अंगणात गाईडनं झाकण उचलून खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं दाखवलं. छतावरचं पावसाचं पाणी त्यात साठायचं, उन्हाळाभर पुरायचं. आई गुडघ्यावर बसली. आत वाकून तिनं भिंतीवरून हात फिरवला. आमच्या शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद त्या वर्षी फाटला होता, पाणी मुरून जात होतं. फोनवर ती रोज तेच सांगायची. तिनं तिथूनच मला मोठ्यानं हाक मारली.

"इचार की गं माय त्याला, आतून काय लिंपलंय? हे काहून झिरपत न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाईड हसतमुखानं थांबला होता. एका वाक्याचं काम होतं. त्यातला प्रत्येक शब्द मला इंग्रजीत येत होता. काय अवघड होतं?

मी म्हणाले, तिला टॉयलेटला जायचंय.

काही जण हसले. वाईट नाही — साधंच हसले. गाईड भला माणूस. बोलणं थांबवून तो स्वतः तिला दाखवायला निघाला.

तुमच्या लक्षात आलं असेल. टॉयलेट हा शब्द आईला कळतो. आमच्याकडे कुणाला कळत नाही? तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उठून त्याच्या मागे गेली. दार लावून घेतलं. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा ओले हात पदराला पुसत होती.

त्यानंतर दिवसभर तिनं काही विचारलं नाही. रविवारी म्हणाली, पाय दुखायलेत, तू जा. मी गेले — आणि मला मोकळं वाटलं. हेही सांगायलाच हवं. गाईडनं आईची चौकशी केली. तेव्हा तरी विचारता आलं असतं, टाक्याला आतून काय लावतात म्हणून. मी म्हटलं, ती बरी आहे.

यंदा हळद शिजवायच्या दिवसांत सुट्टीवर घरी आले. शिजलेली हळद वाळायला पसरताना आई बायकांना माल्टाच्या गोष्टी सांगत होती. जमिनीखालच्या टाक्यांचंही सांगितलं. माझ्या काकूनं विचारलं, "अन् ते पाणी झिरपत न्हाई का वो अक्का?"

आईचा हात थांबला नाही. "ते इचारायचं राहूनच गेलं बग. माज्या ध्यानातच आलं न्हाई."

काकू म्हणाली, एवढ्या लांब जाऊन असं कसं इसरलात. बायका हसल्या, आईपण हसली. मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. मान खाली घालून हळद पसरत राहिले.