नववी सुई

गल्लीतले लोक तिला सुईबाई म्हणत, आणि तिचा नवरा पडला शिंपी, तेव्हा त्या घराची थट्टा करायला कोणाला फार डोकं चालवावं लागत नसे. जिना चढून वर गेलं की डावीकडे त्याचं शिलाई मशीन, उजवीकडे पडद्याआड तिचे दोन पलंग. "मी कापडाला टोचतो, ही माणसांना," शिंपी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "माझं कापड ओरडत नाही, एवढाच काय तो फरक." खरं तर तिची माणसंही ओरडत नसत. केसाएवढी बारीक सुई ती नळीतून अशी बेमालूम टोचायची, की समोरचा "दुखेल का हो?" विचारेपर्यंत तिसरी लावून झालेली असे.

ही चिनी सुयांची विद्या तिला मामांनी शिकवली. मामा तरुणपणी बोटीवर नोकरीला होते, आणि कुठल्याशा बंदरात एका चिनी म्हाताऱ्याच्या हाताखाली सहा वर्षं राहून ते हे शिकून आले. त्यांचा हात शांत, तोंडात सदा लवंग, आणि प्रश्न विचारायची हौस दांडगी. तीच हौस भाचीत उतरली होती. गुडघा धरून आलेल्या माणसाच्या गुडघ्याकडे ती अर्धा तास बघायचीच नाही. झोप लागते का, पहाटे किती वाजता जाग येते, पाय गार पडतात का, घरातलं कोण गेलं, गेल्यावर रडलात का, जीभ दाखवा बघू. "अहो बाई, गुडघा इथे आहे माझा," असं बेकरीवाला एकदा वैतागून म्हणाला होता. "तो काय एकटाच जिना चढून आला?" ती म्हणाली, आणि त्याची जीभ बघत राहिली. बेकरीवाला गेली नऊ वर्षं तिच्याकडे येतोय, यावरून काय ते समजा.

तिची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीपायी ती कोणाशीही भांडली असती. सुई लावताना ती मोठ्याने मोजायची. सुईखाली जडपणा आला, झिणझिण्या आल्या, की झोपलेल्या माणसाने "आलं" म्हणायचं आणि मगच पुढची. काढतानाही मोजायचं. काढलेली सुई स्टीलच्या वाटीत टाकायची, टिंग असा आवाज व्हायचा. चौदा घातल्या तर चौदा टिंग. एखादी सुई कोणाच्या पाठीत किंवा चादरीत राहून जाणं यासारखी नामुष्की या धंद्यात नाही. तेवीस वर्षांत तिची एकदाही मोजणी चुकली नव्हती, आणि याचा तिला गर्व होता. असू दे की, एवढा तरी असावा माणसाला.

एका गोष्टीला मात्र ती हात लावत नसे. घरच्या माणसाची नाडी ती बघायची नाही. शिंप्याला ताप आला तर ती कपाळावर पट्ट्या ठेवी, उशाशी बसून राही, पण त्याचं मनगट धरत नसे. शिंप्याला वाटायचं, असेल त्यांच्यात काही नियम. नियमबियम काही नव्हता. बावीस वर्षांपूर्वी मामांनी तिच्यापुढे आपला डावा हात धरला होता. समोर त्यांची जुनी पेटी उघडी होती, नऊ खाचांत तांब्याच्या तारेच्या मुठीच्या नऊ सुया, नुकत्याच उकळून पुसलेल्या. आणि स्वतःच्या अंगावर त्यांनी निळ्या पेनाने आठ ठिपके काढले होते.

"स्वतःची नाडी स्वतःला कळत नाही," मामा म्हणाले होते. "तू बघ. बरी नसली तर उद्याच मोठ्या दवाखान्यात जातो. सुया नऊ लागतील. आठ जागा मी काढल्यात. नववी कुठे ते तू नाडी बघितलीस की सांगतो."

तिने तीन बोटं टेकवली. तर्जनीखाली, काळजाच्या जागी, नाडी चालता चालता अडत होती, गाठ आलेला दोरा कापडात अडतो तशी. मामांशिवाय तिला दुसरं कोणी नव्हतं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे, मामा."

मामांनी हात मागे घेतला. मग त्यांनी शर्टाची बटणं लावली, पेटी मिटली आणि तिच्या हातात दिली. दवाखान्यात ते गेले नाहीत. आठव्या दिवशी त्यांना शेवटची आंघोळ घालताना निळे ठिपके तसेच होते. घासूनही गेले नाहीत. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

तर एका मंगळवारी सकाळी बेकरीवाला पालथा होता आणि ती सुया काढत होती. चौदा घातल्या होत्या. चौदावी वाटीत पडली, आणि तिला त्याच्या डाव्या पोटरीच्या कडेला, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, आणखी एक सुई दिसली. तिने ती काढली. वाटीत तिचा आवाज वेगळा आला, जरा जाड, जुन्या नाण्यासारखा.

"पंधरा?" बेकरीवाला उशीत तोंड घालून म्हणाला. "चौदा म्हणाला होतात."

"चुकून म्हणाले," ती म्हणाली. मुठीला तांब्याची तार होती. तिच्याकडच्या सुया कागदी पाकिटातून येत, एकदा वापरून फेकायच्या, त्यांना प्लास्टिकची मूठ. ही सुई लख्ख होती आणि कोमट होती, आत्ताच उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी.

दुसरी गुरुवारी निघाली, एका शाळेतल्या बाईंच्या पावलाच्या आतल्या कडेला. बाई डोळ्यांवर पट्टी ठेवून पडल्या होत्या. त्या उठता उठता म्हणाल्या, "ताई, शेवटची सुई लावायला दुसरं कोण आलं होतं?"

"कोणी नाही. मीच होते."

"छे. हात वेगळा होता. म्हाताऱ्या माणसाचा." बाईंनी चपला घातल्या. "पण हात छान होता हं. लवंगेचा वास येत होता."

बाई गेल्यावर तिने कपाटातून मामांची पेटी काढली. नऊ खाचा, सात सुया. तिने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली नवऱ्याच्या बटणांच्या डब्यात, तळाशी टाकली. शनिवारी बस चालवणाऱ्या माणसाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधोमध, तिसरी निघाली. किल्ली जागच्या जागी होती. कुलूपही होतं. पेटीत सहा उरल्या होत्या.

तेव्हा तिला कळलं. कळायला वेळ लागला असं नाही, पहिल्याच दिवशी तिने कानाडोळा केला होता, इतकंच. पोटरी, पाऊल, मनगट. जागा मामांच्या अंगावरच्या होत्या.

निघालेल्या सुया ती स्पिरिटच्या बाटलीत टाकून खिडकीत ठेवू लागली. बाटली कायम कोमट लागायची, ऊन नसलं तरी. भिंतीवर तिचा तक्ता होता, उघड्या माणसाचं चित्र, अंगभर रेघा आणि बारीक टिंबं. दर सुईमागे ती त्यावर शिंप्याच्या खडूने एक फुली करायची. नऊ सुया, आणि नऊ संपल्या की काय, हा एकच विचार. मामा उगाच काही करणारे नव्हते. या सुया कोणासाठी तरी मांडल्या जात होत्या. एकदा मांडल्या होत्या आणि तिच्या एका शब्दामुळे लावायच्या राहून गेल्या होत्या.

तिला वाटलं, माझ्यासाठीच. वाटणारच, मनात चोर असलेल्या माणसाला सगळ्या वाटा आपल्याच दारी आल्यासारख्या दिसतात. पाचवी निघाली त्या दिवशी ती गुपचूप मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. छातीला तारा लावल्या, रक्त काढलं, फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. तिथला डॉक्टर कागद बघून म्हणाला, "तुम्हाला काय झालंय? घोड्यासारख्या ठणठणीत आहात." ती घरी आली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आपल्यासाठी नाहीत, तर मग कोणासाठी?

सहावी, सातवी. गिऱ्हाइकांना त्रास काही नव्हता. उलट, "यावेळी फारच गुण आला," असं ती जादा सुई निघालेली माणसं सांगून जायची. तिला मात्र साधी नाडी बघायलाही दुप्पट वेळ लागू लागला. शिंपी म्हणाला, "अगं, चार दिवस सुट्टी घे. मी पण घेईन म्हणतो, हल्ली जिनाच मेला उंच झालाय." तिने ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. आपल्या घरातल्या माणसाचं बोलणं आपण असंच ऐकतो.

आठवी एका कुलूपवाल्याच्या छातीच्या मधोमध निघाली. तो गेल्यावर तिने तक्त्यावर आठवी फुली केली आणि मागे सरकून बघत उभी राहिली. दोन पोटऱ्या, दोन पावलं, दोन्ही मनगटांच्या आत, तळव्याच्या मुळाशी एक, छातीवर एक. आठही जागा मामांच्याच. पेटीत एक सुई उरली होती, आणि तिची जागा तिला माहीत नव्हती. मामांनी सांगितलीच नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली, मध्येच थांबली, पुन्हा वाजली. शिंपी कापडाचं गाठोडं घेऊन वर आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. कपाळ घामाने भिजलेलं. तक्त्यावरच्या खडूच्या फुल्या बघून त्याला हसू आलं.

"कोणाचं माप घेतेयस?" तो म्हणाला. त्याने गाठोडं खाली ठेवलं आणि उजव्या हाताने डावा खांदा चोळला. "माझ्या खडूने? मग माझंच असणार."

तिला आता एकेक आठवलं. जिन्यात थांबणं, उंच झालेला जिना, दोन महिने चोळला जाणारा तो खांदा. दिवसभर लोकांना पहाटेची जाग आणि गार पाय विचारणाऱ्या बाईने, दहा पावलांवर मशीन चालवणाऱ्या माणसाला काही म्हणजे काही विचारलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "हात द्या."

"बापरे! लग्नाला अठरा वर्षं झाली, आज मुहूर्त लागला?"

"थट्टा नको. डावा द्या."

तो स्टुलावर बसला. तिने डावा तळहात त्याच्या मनगटाखाली धरला आणि उजव्या हाताची तीन बोटं वर टेकवली. खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता. तर्जनीखाली नाडी चालली, चालली आणि अडली. पुन्हा चालली. गाठ. तीच गाठ, बावीस वर्षं तिच्या बोटांत तशीच राहिलेली.

शिंपी तिच्याकडे बघत होता. हसू ओठांवर होतं, पण डोळ्यांत नव्हतं. घाबरलं होतं ते माणूस, तिच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून थांबलं होतं. आणि तिलाही तेवढंच हवं होतं, की तो असाच स्टुलावर बसून राहावा, थट्टा करावी, काहीही झालेलं नसावं.

"काय म्हणतेय?" त्याने विचारलं.

"छा..." ती म्हणाली.

पुढचं अक्षर फुटेना. तिच्या उजव्या मनगटात काहीतरी जड झालं आणि तो जडपणा कोपरापर्यंत चढत गेला. तिने खाली पाहिलं. मनगटाच्या वर बोटभर, करंगळीच्या बाजूला, नववी सुई उभी होती. तांब्याची मूठ तिच्याच ठोक्यांबरोबर हलत होती. तिचे दोन्ही हात नवऱ्याच्या हातावर होते. त्याचा एक हात तिच्या हातात, दुसरा त्याच्या मांडीवर. आणि मशीनच्या तेलाच्या वासात आता लवंगेचा वास होता, अगदी तिच्या कानामागे.

ती जागा तिला पाठ होती. धक्क्याने वाचा बसलेल्या माणसाला मामा तिथे सुई लावत. नववी सुई मामांच्या अंगावर लावायची नव्हतीच. ती तिला लावायची होती.

"आलं," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

"काय आलं?"

"नाडी बरी नाही तुमची." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "अजिबात बरी नाही. मला नीट कळतंय. चप्पल घाला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं. सुया नाहीत, काढा नाही, काही नाही. जिना मी धरून उतरवते."

शिंप्याला ती सुई दिसली की नाही कोणास ठाऊक. त्याने चप्पल घातली. दवाखान्यात त्याला तसंच खाटेवर घेतलं. घोड्यासारखी ठणठणीत म्हणणाऱ्या त्याच डॉक्टरने या वेळी थट्टा केली नाही. "दोन दिवस उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

तिसऱ्या आठवड्यात शिंपी घरी आला. छातीवर शिवण घेऊन आला, आणि टाके बघून म्हणाला, "हात बरा आहे त्या डॉक्टरचा, पण काज करायला देणार नाही मी त्याला." तो पलंगावर पडून बटणं निवडू लागला, तेव्हा तिने बटणांच्या डब्यातून किल्ली घेतली, पडद्याआड जाऊन पेटी उघडली आणि बाटलीतल्या आठ आणि मनगटातून काढून ठेवलेली एक, अशा नऊ सुया एकेक करून खाचांत ठेवल्या. मोजून ठेवल्या, मोठ्याने. त्या अजून कोमट होत्या.

मग ती पेटीपुढे बसली आणि तिला रडू आलं, बावीस वर्षांचं.

"मामा," ती म्हणाली, "त्या दिवशी नाडी बरी नव्हती. मला कळलं होतं."

"काय म्हणालीस?" पलीकडून शिंप्याने विचारलं.

"सांगते," ती म्हणाली. "येते आणि सगळं सांगते."

झाकण लावायच्या आधी तिने एकदा सुयांवरून बोट फिरवलं. नऊही गार पडल्या होत्या.