फिदेलिनाच्या बोटांचा दोष

फिदेलिना गवताची टोपी विणायला बसली की बोलत नाही. छातीखाली उशी, उशीखाली लाकडी ठोकळा, आणि ओल्या गवतावर भराभर चालणारी बोटं. ऊन चढलं की गवत तुटायला लागतं, म्हणून आम्ही मोंतेक्रिस्ती गावच्या बायका फटफटतानाच कामाला बसतो. तिच्या बोटांसारखी बोटं आमच्या गल्लीत दुसरी नाहीत, आणि तिचा सगळा राग त्या बोटांवरच.

तिच्या धाकट्या बहिणीचा, माक्लोव्हियाचा मुलगा उल्बियो. तो तान्हा असताना फिदेलिना त्याच्या तळपायांना गुदगुल्या करायची. पोरगं खिदळून खिदळून उचकी लावून घ्यायचं. म्हाताऱ्या ओरडायच्या, “अगं, बोलायला लागायच्या आत तळव्यांना गुदगुल्या केल्या तर पोर तोतरं होतं!” आमच्याकडे हे कोणाला माहीत नाही? तिलाही माहीत होतं. पण ते हसू पुन्हा ऐकायचा मोह तिला आवरेना.

उल्बियो बोलायला लागला तो अडखळतच. माक्लोव्हिया एकदाच म्हणाली, “कर आता गुदगुल्या, ताई!” फिदेलिनाला तेवढं पुरलं.

तेव्हापासून दर रविवारी ती चर्चमधल्या सेवेकऱ्याच्या मागे लागून छोटी घंटा उलटी करून घेते, तिच्यात पाणी भरते आणि ते उल्बियोला पाजते. जीभ सुटावी म्हणून. पाजताना चारचौघांत म्हणते, “माफ कर रे राजा, मीच तुझी वाट लावली.” पोरगं खाली बघून पाणी पितं. मी तिला झापलं होतं, “किती उगाळशील? पोराला पाणी तरी सुखानं पिऊ दे!” तिनं माझं ऐकलं तर शपथ.

एकदा माझ्या ओसरीवर बसून ती स्वतःच्याच तळपायांवर बोटं फिरवत होती.

“मला काहीच होत नाही गं.”

“आपल्या आपल्याला कुठे होतात? बोट कुठे येणार हे अंगाला आधीच कळतं. दुसऱ्याचं बोट लागतं, तेही आपल्या माणसाचं. परक्यानं केल्या तर तू त्याच्या कानाखाली वाजवशील.”

“पण हसू येतं आणि हात मात्र ढकलत असतात. उल्बियोही पाय ओढून घ्यायचा. म्हणजे तो खुशीनं हसत होता, की त्या जिवाचा नाइलाज होता?”

मी गवत भिजवायला उठले.

यंदा माक्लोव्हियाला मुलगी झाली, यादिरा. एवढ्या उकाड्यात बाळाच्या पायांत लोकरीचे मोजे! कोणाच्या बोटांच्या भीतीनं, ते फिदेलिनाला न सांगता कळलं. बाप्तिस्म्याच्या जेवणालाही ती दाराशी बसली, हात मांडीखाली दाबून. शेंगदाण्याच्या रश्श्यातला मासा तिच्या ताटात तसाच निवत होता. मला तिची कीव आली आणि चीडही.

तेवढ्यात आतून खिदळणं ऐकू आलं. आम्ही धावलो. उल्बियोनं बाळाचे मोजे काढून ठेवले होते आणि तो तिच्या तळव्यांना गुदगुल्या करत होता. मजेत नव्हे. अगदी मन लावून, नेमून दिलेलं काम करावं तसा.

माक्लोव्हियानं त्याचा दंड धरून ओढला. “मेल्या, तुझ्यासारखी करायचीय का तिला?”

“हो,” उल्बियो म्हणाला. हा शब्द मात्र अडखळला नाही.

बाळ अजून हसतच होतं.

“म-मला कोणीतरी हवं होतं,” तो म्हणाला, “मा-माझ्यासारखं. म्हणजे मी ए-एकटाच बि-बिघडलेला नसतो.”

माक्लोव्हियानं त्याचा दंड सोडला. मी फिदेलिनाकडे पाहिलं. इतकी वर्षं तिनं माफी मागितली, आणि दर वेळी त्या पोराला हेच ऐकू आलं होतं की तू बिघडलेला आहेस. गुदगुल्यांनी काही झालं असेल नसेल, हे मात्र तिनं स्वतःच्या तोंडानं केलं होतं. आणि आम्ही सगळे शेजारी बसून ऐकत होतो, मीसुद्धा.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. “माफ—” म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. कितीतरी वेळ तिच्या तोंडून शब्दच फुटेना.

उल्बियो तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “सा-सावकाश बोल, मावशी. मी थां-थांबतो.”